मालक आपण, मजूरही आपण

रात्रीच्या वर्गात एका आजोबांनी आम्हांला विचारले, “गुरुजी, या वयात वाचून मले काय मिळते? मले का आता साहेब व्हायचं आहे?”

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण प्रश्न खरा होता. त्या रात्री आम्ही त्याचे उत्तर नीट दिले नाही. ते आज देतो. उत्तर थोडे लांब आहे. त्यासाठी बांबूच्या बेटात शिरावे लागेल, आणि दोन गावे पाहावी लागतील.

एकच काम, दोन तऱ्हा

आपल्या सावलीकडे बांबू लागत नाही असे घर नाही. सूप बांबूचे, टोपली बांबूची. धान ठेवायची ढोली बांबूची. लग्नाचा मांडव बांबूचा, आणि माणूस गेला की तिरडीही बांबूचीच. तोच बांबू कागदाच्या कारखान्यातही जातो. त्यामुळे त्याला पैसा येतो.

हा बांबू तोडतो कोण? आपल्यासारखी माणसे. पण तोडण्याच्या तऱ्हा दोन आहेत.

पहिली तऱ्हा अशी. ठेकेदाराचा माणूस गावात येतो. अमुक कूपात काम आहे, उद्यापासून या, म्हणतो. माणसे जातात. तोडतात, बांधतात, रचतात. मुकादम हजेरी लिहितो. आपण अंगठा देतो. बांबू कोठे गेला, काय भावाने गेला, हे आपण विचारायचे नाही. त्याची नजर गाडी भरण्यावर असते. कोवळा बांबू तुटला तर तुटला. पुढल्या साली बेट वाळले, तर त्याचे काय जाते? तो दुसऱ्या कूपात जातो. गावात सण असो की मयत असो, गाडी उद्या भरलीच पाहिजे. असा मजूर आपल्याच जंगलात परका होतो.

दुसरी तऱ्हा अशी. जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा हक्क गावाकडे. बांबू विकणारे गाव. तोडणारेही गाव. कोणते बेट तोडायचे, कोणते राखायचे, काम कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे, मजुरी किती, भाव किती, हे सारे गाव बसून ठरवते. मजुरी तर मिळतेच. वर जो नफा उरतो, तोही गावातच राहतो.

काम तेच. कोयता तोच. घाम तोच. पण पहिल्या तऱ्हेत माणूस नुसता मजूर आहे. दुसरीत तो मजूरही आहे आणि मालकही आहे.

तुम्ही म्हणाल, ही गोष्ट झाली बोलायची. असे कोठे होते का? होते. आपल्याच दोन जिल्ह्यांत होते.

कायद्याचे दोन शब्द

आधी थोडे कायद्याचे सांगतो. कंटाळू नका. हे कळले नाही, तर पुढचे कळणार नाही.

इंग्रजांच्या राज्यात १९२७ साली वनाचा कायदा झाला. त्यात बांबूची गणती झाडात केली होती. खरे म्हणजे बांबू गवताच्या जातीचा आहे. पण कायद्यात तो झाड ठरला, म्हणून सरकारी लाकूड ठरला. गावाच्या दारात उगवला, तरी गावाचा नाही.

स्वराज्य आले, तरी बरीच वर्षे हेच चालले. मग १९९६ साली पेसा नावाचा कायदा झाला. आदिवासी भाग म्हणून सरकारने ठरवलेल्या क्षेत्रात त्याने गावसभेला मान दिला. पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला. या कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. गौण वनोपज म्हणजे मोह, चारोळी, हिरडा, मध, तेंदूपान, डिंक असा जंगलाचा माल. जे गाव पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगत आले, त्या गावाला हा माल गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. जंगल राखण्याचा हक्कही दिला. याला सामूहिक वनहक्क म्हणतात.

हा हक्क आदिवासींना आहे. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलावर अवलंबून राहिलेल्या इतर लोकांनाही आहे. आणि तो चालवायचा कोणी? एकट्या सरपंचाने नाही. एकट्या सचिवाने नाही. ग्रामसभेने. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसे, बाया आणि पुरुष दोन्ही. तुम्ही आणि आम्ही.

मेंढा गावाची गोष्ट

मेंढा म्हटले की आपल्याला आपल्या तालुक्यातला आसोलामेंढ्याचा तलाव आठवतो. तो नव्हे. हे मेंढा गडचिरोली जिल्ह्यात आहे, धानोरा तालुक्यात. जवळ लेखा नावाचे गाव आहे, म्हणून लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. व्याहाडावरून वैनगंगेचा पूल ओलांडावा, गडचिरोली गाठावी आणि धानोऱ्याची वाट धरावी. वाटेत हे गाव लागते. गाव गोंडांचे. घरे शंभराच्या आसपास.

या गावाने एक गोष्ट फार आधी ओळखली. गावाचा निर्णय गावानेच करायचा, आणि तो सर्वांच्या मताने करायचा. बहुमताने नाही. एक जण जरी अडला, तरी थांबायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. गावाने एक घोषणाच केली, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

दुसरी गोष्ट अशी की गावाने अभ्यास गट सुरू केला. अभ्यास गट म्हणजे काय? संध्याकाळी बसायचे आणि एक विषय घ्यायचा. जंगलाचा कायदा काय, मधमाशी कशी जगते, असा कोणताही विषय. ज्याला वाचता येते त्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि शंका विचारायच्या. गावातले देवाजी तोफा यांनी यात पुढाकार घेतला. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गावाला साथ मिळाली. पण पाहुण्याने सांगितले आणि गावाने ऐकले, असे झाले नाही. सांगायचे ते सांगा, ठरवणार आम्ही, ही गावाची रीत राहिली.

२००९ साली मेंढा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे साडेचार हजार एकर जंगल. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे.

पण हक्काचा कागद आला म्हणून बांबू विकता आला का? नाही. बांबू रस्त्याने न्यायचा, तर वाहतूक परवाना लागतो. परवाना नसला, तर नाक्यावर गाडी अडते. परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे घर आपले, पण दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. गाव अडून राहिले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले. त्या दिवशी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून गावाच्या बांबूचा परवाना गाव लिहू लागले.

विचार करा. परवाना लिहायचा म्हणजे काय करायचे? गाडीचा नंबर लिहायचा. बांबू किती ते लिहायचे. कोठे जातो ते लिहायचे. तारीख घालायची. सही करायची. अंगठ्याने हे काम होत नाही.

पुढे ग्रामसभेने आपल्या नावाचे पॅन कार्डही काढले. व्यापाऱ्याला जसे असते तसे, आयकराचे. म्हणजे ग्रामसभा ही नुसती बसून बोलायची जागा उरली नाही. ती देणारी-घेणारी, हिशेब ठेवणारी झाली.

काम आणि रीत

आता कोणी म्हणेल, गाव व्यापारात पडले, म्हणजे गावाची रीत बुडाली. पैसा आला की देवधर्म गेला, शेजारपण गेले. असे होऊ शकते. पण व्यापार गावाच्या हाती असला, तर रीत उलट टिकते. ते कसे, पाहा.

गोंड लोकांत पंडुमाची रीत आहे. नवे फळ, नवे फूल, नवे धान्य निघाले, की आधी ते देवाला दाखवायचे. गावाने मिळून सण करायचा. मगच तोंडात घालायचे. त्या आधी कोणी तोडायचे नाही. आपल्याला वाटते, ही नुसती श्रद्धा. पण तिच्या पोटात शहाणपण आहे. सण होईपर्यंत फळ झाडावर राहते. नीट पिकते. काही खाली पडते, त्याचे बी रुजते. सगळ्यांनी एकदम तोडायला सुरुवात केली, म्हणजे आधी धावला त्याने लुटले, असे होत नाही.

बांबूचेही असेच. बांबूच्या बेटाला आपल्याकडे रांजी म्हणतात. पावसाळ्यात रांजीतून नवे कोंब फुटतात, त्यांना वास्ते म्हणतात. नवा बांबू थोड्या महिन्यांतच पुरा उंच होतो. पण उंच झाला म्हणजे पक्का झाला असे नाही. पोर बापाएवढे उंच झाले, म्हणून त्याच्या खांद्यावर बापाचे ओझे देत नाहीत. बांबू पक्का व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून यंदाचा आणि गेल्या सालचा बांबू तोडू नये. जुना तोडावा. अगदी जमिनीसरशी तोडू नये, खालचे एक पेर राखून तोडावा. रांजीच्या चारी बाजू साफ करू नयेत. पावसाळ्यात तोड बंद ठेवावी, कारण तेव्हा वास्ते निघत असतात. या रीतीने तोडले, तर तीच रांजी पुन्हा पुन्हा बांबू देते.

हे जाणती माणसे जाणतात. पण ठेकेदाराच्या कामावर म्हाताऱ्याचे कोण ऐकतो? गावाच्या कामावर ऐकावे लागते. कारण रांजी मेली, तर पुढल्या साली आपलीच मजुरी मरते. म्हातारा दाखवतो, पोरगा शिकतो. असे काम हीच एक शाळा होते. त्या शाळेत रानाची नावे शिकतात, देवाची जागा शिकतात, आपली बोली शिकतात. मिरची तोडायला परराज्यात गेलेल्या पोराला हे कोण शिकवणार?

मेंढ्याने मधाच्या बाबतीतही हेच केले. मध काढताना पोळे जाळायचे नाही, माश्या मारायच्या नाहीत, अशी पद्धत शिकून घेतली. माशी जगली तर पुढल्या साली मध.

पाचगावाने सोडलेला पैसा

दुसरे गाव आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातले. गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव. लहान गाव, बहुतेक वस्ती गोंडांची. २०१२ साली या गावाला १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबूचा धंदा सुरू केला. तोडायचे गावाने, रचायचे गावाने, आणि लिलावही गावानेच करायचा. जंगलाची राखण आळीपाळीने करायची. नियम लिहून काढले. जंगलाचा एक भाग वन्य प्राण्यांसाठी तसाच राखून ठेवला.

पण आम्हांला या गावाचे मोठेपण दुसऱ्या गोष्टीत वाटते. पाचगावाने तेंदूपाने तोडणे बंद केले.

तेंदूपान म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा, हे आपल्याला सांगायला नको. पहाटे जंगलात जायचे, दिवसभर पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. शेतात काही नसते त्या दिवसांत हाच आधार. मग पाचगावाने तो का सोडला?

गावाने बसून विचार केला. पान चांगले यावे म्हणून तेंदूची बेलकटाई करतात. झुडूप छाटले, तर झाड वाढत नाही. झाड वाढले नाही, तर टेंबरे लागत नाहीत. मग पाखरांनी काय खायचे, लेकरांनी काय खायचे? शिवाय पान यावे म्हणून कोणी कोणी जंगलाला आग लावतात. आगीत वास्ते जळतात, बी जळते, पाखरांची अंडी जळतात. गावाने म्हटले, आपल्याला बांबू पोसतो आहे. मग बांबूला जाळणारा पैसा नको.

प्रत्येक गावाने असेच करावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्या गावाला बांबू नाही, त्याने तेंदू कसा सोडायचा? गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात आणि चांगला भाव घेतात. तेही योग्यच आहे. आम्हांला सांगायचे ते एवढेच, की हातचा पैसा सोडायचा विचार नुसत्या मजुराला परवडत नाही. ज्याला उद्याही याच जंगलात राहायचे आहे, त्या मालकालाच तो सुचतो.

दूर देशातले भाऊबंद

असे लोक परदेशातही आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तेथे मेनॉमिनी नावाचे आदिवासी राहतात. गोऱ्या लोकांनी त्यांची बहुतेक जमीन घेतली. १८५४ साली त्यांच्याकडे जंगलाचा एक तुकडा उरला. आज तो सुमारे दोन लाख पस्तीस हजार एकर आहे. १९०८ साली तेथे लाकूड कापण्याची गिरणी उभी करण्याचे ठरले. आजही त्यांची स्वतःची गिरणी आहे. तोडणारे बरेचसे त्यांचेच, जंगलही त्यांचे.

त्यांच्यात एक जुने सांगणे आहे. सूर्य उगवतो त्या टोकापासून तोडीला लागा. फक्त पिकलेली, रोगी आणि पडलेली झाडे घ्या. सूर्य मावळतो त्या टोकाला पोहोचलात, की मागे फिरा आणि पुन्हा तोडत या. असे केले तर जंगल कधी संपणार नाही. आणि नवलाची गोष्ट ही, की शंभर वर्षांहून अधिक काळ तोड करूनही त्या जंगलात आज पूर्वीपेक्षा जास्त लाकूड उभे आहे.

पण त्यांच्यावरही घाला आला. १९५४ साली तेथल्या सरकारने कायदा केला, की ही जमात आता जमात म्हणून मानायची नाही. १९६१ साली तो अमलात आला. कारभार एका कंपनीकडे गेला. गरिबी वाढली. कर भरायला पैसा नाही, म्हणून तळ्याकाठची जमीन बाहेरच्या लोकांना विकली गेली. तेव्हा लोक उठले. एडा डीअर नावाची त्यांच्यातली एक बाई पुढे झाली. १९७३ साली सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

मेंढा गावानेही जमिनीचा हा धोका ओळखला होता. गावची शेती बाहेरच्याच्या हाती जाऊ नये म्हणून २०१३ साली त्याने ग्रामदानाचा निर्णय केला.

मालकी कशाने टिकते?

आता मुद्द्यावर येतो. मालकी कागदाने मिळते. पण ती टिकते हिशेबाने.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, गावाने १०,००० बांबू विकले. एका बांबूला ३० रुपये भाव मिळाला. एकूण आले ३,००,००० रुपये. तोडणीची मजुरी बांबूमागे १० रुपये, म्हणजे १,००,००० रुपये. वाहून आणणे, रचणे, राखण, मिळून ४०,००० रुपये. दोन्ही मिळून खर्च झाला १,४०,०००. उरले १,६०,००० रुपये.

पहिल्या तऱ्हेत हे उरलेले पैसे गावाबाहेर गेले असते. दुसऱ्या तऱ्हेत ते गावाच्या कोषात राहिले. त्यातून कोणाच्या आजारपणाला मदत करायची, विहीर उपसायची, की घोटुलाचे छप्पर शाकारायचे, हे गाव ठरवील.

पण लिहिताना कोणी १०,००० ऐवजी ९,००० लिहिले तर? गावाचे ३०,००० रुपये गेले. कोणी भांडले नाही, कोणी दरोडा घातला नाही. नुसत्या एका आकड्यात गेले. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला ते कळलेही नाही.

ठेकेदार समोरच्या दाराने गेला, तरी मागच्या दाराने येऊ शकतो. चार जणांना उचल देतो. कोऱ्या कागदावर सही मागतो. “पुढचं आम्ही पाहून घेतो,” म्हणतो. मग नाव ग्रामसभेचे आणि धंदा त्याचा. म्हणून चार गोष्टी धराव्या. कोऱ्या कागदावर सही करू नये. हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. तो फळ्यावर लिहून ठेवावा. आणि बैठकीत बायांनी मागे बसू नये. मोह त्याच वेचतात, पुडे त्याच बांधतात. मग हिशेब त्यांना का नको?

आजोबांचे उत्तर

आपली सावली या गोष्टीला नवखी नाही. १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन सावलीत भरले होते. गांधीजी स्वतः आले होते. तेव्हा सावली खादीसाठी ओळखली जाई. गांधीजींचा आग्रह असा, की सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. ज्याचा हात राबतो, त्याचे पोट भरले पाहिजे. बांबूच्या गावांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. ज्याचा हात राबतो, त्याच्या हाती कारभारही आला पाहिजे.

तेव्हा आजोबा, तुम्ही विचारलेत, वाचून काय मिळते. साहेब होता येत नाही, हे खरे. पण उद्या तुमच्या गावाची ग्रामसभा बसेल. फळ्यावर हिशेब लिहिलेला असेल. तुम्ही काठी टेकत उभे राहाल. बोट ठेवून एक एक आकडा वाचाल. आणि म्हणाल, “थांबा बाप्पा. इथं एक हजार बांबू कमी दिसते. ते कुठं गेले?”

त्या दिवशी सगळी सभा तुमच्याकडे पाहील. त्या दिवशी तुम्ही मालक झालात.

वाचून झाल्यावर बोला

१. आपल्या गावच्या जंगलातून कोणता माल बाहेर जातो? तो कोण विकतो?
२. आपल्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे का? तो कागद कोणाकडे आहे? तो आणून वर्गात वाचा.
३. पाचगावाने तेंदूपान का सोडले? तुम्ही असता, तर काय केले असते?
४. २०० बांबू, भाव ३० रुपये. एकूण किती रुपये झाले? पाटीवर मांडा.